रक्ताच्या वाटेला वाऱ्याचं नाव

श्वासनलिकेला डॉक्टर 'ट्रॅकिया' म्हणतात. शब्द ग्रीक आहे, पण ग्रीकमध्ये ते नाम नव्हतं, विशेषण होतं. अर्थ 'खडबडीत'. काय खडबडीत, ते सांगणारं नाम वापरता वापरता गळून पडलं. पूर्ण नाव होतं 'आर्तेरिया त्राखेइया', म्हणजे खडबडीत आर्टरी. गळ्याच्या पुढच्या बाजूने वरून खाली बोट फिरवलं तर कूर्चेच्या कड्या हाताला लागतात, त्यावरून हे विशेषण. एक आर्टरी खडबडीत, तर बाकीच्या गुळगुळीत. हृदयापासून निघून मेंदूपर्यंत, हातापायांपर्यंत पोचणाऱ्या, मनगटाशी बोटाखाली उडणाऱ्या त्या नळ्या. आज आर्टरी म्हटलं की आपल्या मनात फक्त त्याच येतात.

श्वासाची नळी आणि रक्ताच्या नळ्या एकाच नावाखाली कशा आल्या? कारण ज्यांनी हे नाव शरीरशास्त्रात रूढ केलं, त्यांच्या मते दोन्हींतून एकच गोष्ट वाहत होती: हवा. अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला की 'दोन आर्टरींत ब्लॉकेज आहे' असं आपण घराघरांत बोलतो. त्या एका शब्दात सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचा एक सिद्धान्त गोठून राहिला आहे, आणि त्या सिद्धान्तानुसार या नळ्यांत निरोगी माणसाच्या बाबतीत रक्ताचा थेंबही नसतो.

'पूर्वीच्या लोकांना असं वाटायचं' म्हणून हा प्रकार एका वाक्यात उरकून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. हे मानणारे लोक घरबसल्या तर्क लढवणारे नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातांनी प्राणी चिरले होते, काहींनी माणसांची शवंही. आणि त्यांना जे दिसलं ते खरोखरच तसं होतं. मेलेल्या जनावराचं शरीर उघडलं की पातळ भिंतीच्या शिरा गडद रक्ताने भरलेल्या सापडतात, आणि जाड भिंतीच्या आर्टरीज बहुतेक रिकाम्या. जिवंतपणीसुद्धा शरीरातलं निम्म्याहून बरंच जास्त रक्त शिरांमध्येच असतं, आर्टरींच्या वाट्याला जेमतेम सातवा हिस्सा येतो. हृदय थांबलं की मागचा रेटा संपतो. आर्टरीची भिंत लवचीक आणि स्नायूंची असते. ती आकसते आणि उरलंसुरलं रक्त पुढे शिरांकडे ढकलून देते. शीर रिकामी झाली की चपटी पडते. आर्टरी मात्र तिच्या जाड भिंतीमुळे रिकामी झाली तरी उघड्या तोंडाची, गोल राहते. आतून मोकळी, तोंड उघडं, अगदी श्वासनलिकेसारखी. अशी नळी हातात आल्यावर तिच्यातून काय वाहत असेल, या प्रश्नाचं 'हवा' हे उत्तर निरीक्षणातूनच निघत होतं.

जनावर कसं मारलं यावरही दिसणारं चित्र अवलंबून असतं, हे ॲरिस्टॉटलने ओळखलं होतं. रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर आधी उपाशी ठेवून रोडावलेलं जनावर गळा आवळून मारावं, असा त्याचा सल्ला आहे. गळा चिरला तर सगळं रक्त वाहून जातं आणि पाहायला काही उरत नाही. पण ॲरिस्टॉटलने दोन प्रकारच्या वाहिन्यांत असा भेद केला नव्हता. ग्रीकमध्ये तोवर सगळ्याच वाहिन्यांना 'फ्लेप्स' म्हणत. शिरेच्या सुजेला आज डॉक्टर फ्लेबायटिस म्हणतात, तो शब्द यातूनच आला.

भेद स्पष्टपणे मांडला तो प्राक्सागोरासने. हा हिप्पोक्रेटसच्याच कोस बेटावरचा वैद्य, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. नाडीचा ठोका फक्त आर्टरींत लागतो, शिरांत नाही, हे त्याने बरोबर हेरलं. मग पुढची पायरी: शिरांत रक्त, आर्टरींत 'न्यूमा'. हा न्यूमा म्हणजे नुसती हवा नव्हे. श्वास, वारा, प्राण असे तिन्ही अर्थ त्या एका ग्रीक शब्दात एकवटले आहेत. न्यूमोनिया या आजाराच्या नावाशी त्याचं जवळचं नातं आहे. आपल्याकडे प्राणवायू म्हणताना प्राण आणि वायू एकत्र येतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

'आर्तेरिया' या शब्दाची फोडही मग त्याला साजेशी केली गेली: 'आएर' म्हणजे हवा आणि 'तेरेइन' म्हणजे राखणं. हवा राखणारी ती आर्टरी. शतकानुशतकं विद्वान हीच व्युत्पत्ती सांगत आले. आजचे कोशकार मात्र तिकडे फारसे वळत नाहीत. त्यांचा कल 'आएइरेइन', म्हणजे उचलणं किंवा टांगणं, या क्रियापदाकडे आहे. फुप्फुसं श्वासनलिकेला टांगलेली दिसतात, म्हणून ती टांगणारी नळी. हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या आर्टरीचं नाव 'एओर्टा', तेही याच क्रियापदातून आलं, आणि ग्रीकांच्या तलवारीच्या टांगत्या पट्ट्याचं नावही. म्हणजे शब्दात हवा मुळातच होती असं नाही. ती त्यात नंतर वाचली गेली, आणि इतकी घट्ट बसली की मूळ अर्थ लोपला.

या सिद्धान्ताचं सर्वांत धारदार रूप पाहायला इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाला जावं लागतं. टॉलेमी राजांच्या आश्रयाने तिथे मानवी शवविच्छेदनाला मोकळीक होती, जी प्राचीन ग्रीक जगात एरवी जवळपास कुठेच नव्हती. प्राक्सागोरासचा शिष्य हेरोफिलस तिथे काम करत होता. आर्टरीची भिंत शिरेच्या सहापट जाड असते, असं त्याने नोंदवलं. रुग्णाच्या नाडीचे ठोके तो पाण्याच्या घड्याळावर मोजत असे, असं नंतरच्या एका ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे. आर्टरींत रक्तही असतं, असंच त्याचं मत होतं. पण त्याचा धाकटा समकालीन एरासिस्ट्रेटस याने दोन जाळ्यांची कल्पना शेवटपर्यंत ताणली. शिरा रक्त वाटतात, हृदयापासून निघणाऱ्या आर्टरीज न्यूमा वाटतात, आणि दोन्हींचा कारभार स्वतंत्र.

यावर कुणीही विचारेल तो प्रश्न त्या काळीही विचारला गेला. आर्टरी कापली तर रक्त उडतं, ते कुठून येतं? रणांगणावर, खाटकाच्या ओट्यावर, कुणीही ते पाहू शकत होतं. एरासिस्ट्रेटसचं उत्तर असं: आर्टरी कापताक्षणी तिच्यातला न्यूमा डोळ्याला दिसणार नाही अशा वेगाने निसटतो. निसर्ग पोकळी राहू देत नाही. म्हणून आर्टरी आणि शिरा यांच्या टोकांना जोडणाऱ्या, एरवी बंद असलेल्या अतिसूक्ष्म वाटा उघडतात आणि शिरांतलं रक्त आर्टरीत खेचलं जातं. आपल्याला दिसतं ते हे मागून आलेलं रक्त.

मला या उत्तराचं मोठं अप्रूप वाटतं. एका चुकीच्या सिद्धान्ताला वाचवण्यासाठी या माणसाने आर्टरी आणि शिरा यांच्यामधल्या अदृश्य सूक्ष्म वाटा कल्पिल्या, आणि त्या वाटा खरोखरच असतात. त्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो. त्या प्रत्यक्ष दिसल्या 1661 साली, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीला, सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात. एरासिस्ट्रेटसने त्यांतून रक्त उलट दिशेने वाहवलं, आणि तेही फक्त जखम झाल्यावर. पण वाटा असल्याच पाहिजेत, हे त्याने तर्काने गाठलं होतं. हृदयाच्या झडपाही त्याने नीट वर्णन केल्या होत्या, त्या एकाच दिशेने उघडतात हेसुद्धा. रक्ताभिसरणाचे इतके दुवे त्याच्या हाती होते. एकच गोष्ट आड आली, ती म्हणजे डाव्या बाजूच्या कप्प्यात आणि त्यापुढच्या नळ्यांत हवा आहे ही खात्री.

रोमन लोकांनी ग्रीक वैद्यकाबरोबर शब्दही जसाच्या तसा घेतला. लॅटिनमध्ये 'आर्टेरिया'. सिसेरो वैद्य नव्हता, पण इसवी सनापूर्वी 45 च्या सुमारास देवांच्या स्वरूपावर लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात शरीररचनेचा भाग येतो. तिथे शिरांतून रक्त आणि आर्टरींतून श्वास शरीरभर पसरतो, असं तो सर्वमान्य गोष्ट सांगावी तसं सांगून जातो.

याहून बोलकी हकिगत ऑलस गेलियस या लॅटिन लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टिपून ठेवली आहे. ऐन उन्हाळ्यात तो अथेन्सजवळच्या केफिसिया गावी हेरोडिस ॲटिकस या धनिकाच्या बंगल्यात राहायला गेला. झाडी, झरे, गारवा असलेली जागा. पण तिथे त्याला जुलाब लागले, ताप चढला आणि त्याने अंथरूण धरलं. त्याचे गुरू, तत्त्वज्ञ टॉरस, शिष्यांसह समाचाराला आले. गावचा वैद्य खाटेशीच होता. ताप उतरतोय हे सांगताना तो म्हणाला, तुम्हीच याची शीर चाचपून पाहा. जमलेल्या विद्वानांत कुजबुज सुरू झाली. हा कसला वैद्य, याला शीर आणि आर्टरी यांतला फरक कळत नाही! टॉरसने मात्र त्या वैद्याला सांभाळून घेतलं. तुम्हाला फरक ठाऊक आहे याची आम्हाला खात्री आहे, लोक बोलतात तसं तुम्ही बोलून गेलात, असं म्हणत त्याने फरक समजावून सांगितला: शीर स्वतः हलत नाही, उडते ती आर्टरी, आणि तिच्यावरूनच ताप कळतो.

बरा झाल्यावर गेलियसने वैद्यकाची पुस्तकं चाळली आणि दोन्हींच्या व्याख्या लिहून ठेवल्या. त्या व्याख्यांत वारं बदललेलं दिसतं. शिरेत रक्त जास्त आणि न्यूमा कमी, आर्टरीत न्यूमा जास्त आणि रक्त कमी. फक्त हवेचा आग्रह सुटला होता, पण हवा गेली नव्हती.

त्याच काळात आशिया मायनरमधल्या पर्गमम शहरात गॅलेन मोठा होत होता. जन्म इसवी सन 129. तरुणपणी तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, म्हणजे उघड्या जखमा आणि उसळणाऱ्या आर्टरीज त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. पुढे रोमला जाऊन तो सम्राटांचा वैद्य झाला. आर्टरींत स्वभावतः रक्त असतं का, एवढ्या एकाच प्रश्नावर त्याने स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिची युक्तिवादाची पद्धत आजही वाचण्यासारखी आहे. अगदी बारीक सुईने आर्टरीला टोचलं तरी लगेच रक्त येतं. त्या सुईएवढ्या भोकातून सगळा न्यूमा आधी निघून जायला वेळ लागायला हवा, तो का लागत नाही? आणि मग निर्णायक प्रयोग: जिवंत प्राण्याची आर्टरी उघडी करायची, दोन ठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मधला तुकडा चिरायचा. दोन्ही टोकं बंद, म्हणजे कुठूनही रक्त खेचलं जायला वाव नाही. तरीही तो तुकडा रक्ताने भरलेला सापडतो. एरासिस्ट्रेटसच्या अनुयायांच्या सबबीला यात पळवाटच उरली नाही.

इथे आर्टरीचं नाव बदलायला हवं होतं. बदललं नाही, आणि त्याचं कारण गॅलेन स्वतः होता. त्याने रक्त आत आणलं, पण न्यूमाला बाहेर काढलं नाही. त्याच्या मांडणीत आर्टरीतलं रक्त पातळ, उष्ण आणि न्यूमाने भारलेलं, तर शिरेतलं जड आणि पोषण देणारं. उजवीकडचं थोडं रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डावीकडे झिरपतं आणि तिथे त्यात न्यूमा मिसळतो. गॅलेनचा शब्द पुढची दीड हजार वर्षं प्रमाण राहिला, आणि त्याच्याबरोबर आर्टरी हे नावही.

त्या छिद्रांना पहिला ठाम नकार दिला इब्न अल-नफीसने, 1242 साली. दमास्कसमध्ये शिकलेला आणि पुढे कैरोत काम केलेला हा वैद्य इब्न सीनाच्या ग्रंथावर भाष्य लिहीत होता. पडदा भरीव आहे, छिद्रं नाहीत, रक्त उजवीकडून फुप्फुसात जाऊन तिथून डावीकडे येतं, असं त्याने लिहिलं. युरोपीय अभ्यासकांचं या मजकुराकडे लक्ष गेलं ते थेट 1924 साली, बर्लिनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितामुळे. युरोपात 1628 साली विल्यम हार्वीने संपूर्ण अभिसरण सिद्ध केलं. अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं ते अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं, तेव्हा तेच रक्त फिरून परत आलं पाहिजे, हा त्याचा मुख्य हिशोब. ही कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून तिथे थांबत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हार्वीच्या पुस्तकातलं एक नाव. उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला तोही 'आर्टरीसारखी शीर' म्हणतो. हे नाव अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसचं. भिंत जाड म्हणून आर्टरीसारखी, उजव्या बाजूची म्हणून शीर. फुप्फुसाकडून येणाऱ्या वाहिन्यांना याच्या उलट, 'शिरेसारखी आर्टरी'.

हार्वीनंतर व्याख्याच पालटली. आत काय आहे हे गौण ठरलं, दिशा महत्त्वाची ठरली. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती शीर. त्यामुळे हेरोफिलसची 'आर्टरीसारखी शीर' आजची पल्मनरी आर्टरी झाली, आणि तिच्यातून वाहतं ते फुप्फुसाकडे निघालेलं काळपट, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. गर्भाच्या नाळेतल्या आर्टरीजचंही तेच. न्यूमाच्या जुन्या कसोटीवर या दोन्ही नापास झाल्या असत्या.

आणि तरीही प्राक्सागोरासचा वारा पुरता खोटा ठरला नाही. 1669 साली लंडनच्या रिचर्ड लोअरने दाखवलं की काळपट रक्त फुप्फुसात हवेच्या संपर्कात आलं की लालभडक होतं. पुढच्या शतकात ऑक्सिजन सापडला, त्यानंतरच्या शतकात हिमोग्लोबिन ओळखलं गेलं. निरोगी माणसाच्या आर्टरीतल्या एक लिटर रक्तात सुमारे 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, जवळपास सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला. मोकळ्या हवेचा मोठा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरला तर जीव जाऊ शकतो, पण रक्तात बांधून नेलेल्या हवेवरच आपण जगतो. श्वासातून काहीतरी घेऊन या नळ्या ते शरीरभर पोचवतात, इतकं तर ग्रीकांचं बरोबरच होतं.

आपल्या परंपरेत डोकावलं तर याहून नवल वाटावं असं काही सापडतं. आर्टरीला आपण धमनी म्हणतो. हा शब्द 'ध्मा' धातूचा, म्हणजे फुंकणं. गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख फुंकल्याचं सांगणारं 'दध्मौ' हे रूप याच धातूचं. म्हणजे ग्रीस आणि भारत या दोन्हीकडे उडणाऱ्या नळीच्या नावाशी वारा जोडला गेला. पण यावरून कुणी कुणाकडून घेतलं असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. दोन्ही परंपरांचा तपशील वेगळा आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठीच्या अथर्ववेदातल्या सूक्तात शंभर धमन्या आणि हजार 'हिरा' म्हणजे शिरा यांचा उल्लेख आहे, म्हणजे तिथे धमनी रक्ताचीच आहे. चरकसंहितेत धमनी, स्रोतस आणि सिरा या तिन्ही नावांची फोड एका दमात येते: ध्मान होतं म्हणून धमनी, स्रवतं म्हणून स्रोतस, सरतं म्हणून सिरा. टीकाकार चक्रपाणिदत्त तर ध्मान याचा अर्थ रस वगैरेंनी भरून जाणं असा लावतो. सुश्रुतसंहितेत धमन्या 24 आहेत आणि त्या निघतात नाभीपासून, हृदयापासून नव्हे. त्यांतल्या वर जाणाऱ्या दहा धमन्या शब्द, स्पर्श, गंध, श्वास असं बरंच काही वाहतात. सुश्रुताची धमनी म्हणजे आजची आर्टरी नव्हे. धमनी म्हणजे आर्टरी हे समीकरण अर्वाचीन पारिभाषिक शब्द बसवताना झालं.

शरीरशास्त्रात नावं सहसा बदलत नाहीत. 1895 साली बाझेलला शरीरशास्त्रज्ञांनी जमून साफसफाई केली. तोवर शरीराच्या भागांची सुमारे 50,000 नावं साठली होती, एकेका अवयवाला चार-चार देशांची. ती छाटून सुमारे 5,000 वर आणली. 'आर्टेरिया' टिकलं आणि 'ट्रॅकिया'ही टिकलं, पण आता त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

मराठीत धमनी आणि शीर यांच्या जोडीला आणखी एक जोडी चालली. मराठी विश्वकोशात आणि शाळेच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत आर्टरीला रोहिणी आणि व्हेनला नीला म्हटलेलं आढळेल. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. शब्द बसवणाऱ्यांनी वारा आणि दिशा दोन्ही सोडून रंग धरला. मुलांच्या लक्षात राहायला तो सोपा, चित्रातही तसाच रंगवलेला, आणि सगळ्या शरीरभर खरा. फक्त फुप्फुसापाशी आणि गर्भाच्या नाळेत तो फसतो. फुप्फुस-रोहिणीतून काळपट रक्त जातं, आणि फुप्फुस-नीला नावाच्या चार वाहिन्यांतून शरीरातलं सगळ्यात लाल रक्त हृदयाकडे येतं.